मिटलेल्या पंखांचा लोगो

पहिल्यांदा मॅडमचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. 'हॅलो' म्हणायला गेलो आणि घशातून नुसती खरखर आली. खाकरून, पाण्याचा घोट घेऊन पुन्हा फोन कानाला लावेपर्यंत पलीकडून त्यांनी दोनदा विचारलं होतं, ऐकू येतंय का म्हणून. नंतर आठवून पाहिलं. आदल्या दिवशी सकाळी दूधवाल्याला उद्यापासून अर्धाच लिटर दे म्हणून सांगितलं होतं, त्यानंतर मी कोणाशी बोललोच नव्हतो. एक अख्खा दिवस आणि वर काही तास, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तेव्हा मी चोपन्न वर्षांचा होतो. नागपूरच्या लकडगंजातल्या एका छापखान्यात बावीस वर्षं कॉम्प्युटरवर डिझाइनचं काम केलं होतं. लग्नपत्रिका, मसाल्याची पाकिटं, बियाण्यांच्या पिशव्या, फवारणीच्या औषधांची लेबलं. मालक वारल्यावर त्यांच्या मुलांनी छापखाना बंद केला, मशिनी विकून टाकल्या, आणि मी ज्या कॉम्प्युटरवर बसायचो तो तुम्हीच घेऊन जा म्हणाले. तो मी नंदनवनातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये खिडकीजवळ मांडला. छापखान्यात मशीन सुरू असली की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. घरी जुनी गिऱ्हाइकं कामं देत राहिली, पण समोर कोणी येत नव्हतं. मेसेज यायचा, मी फाइल पाठवायचो, तिकडून अंगठ्याचं चित्र यायचं, की झालं काम.

बायको पुण्याला होती. मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून गेली होती. मग मुलीची रजा संपली, सांभाळायला बाई मिळेना, मिळाली ती टिकेना, आणि तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. आमचं भांडण वगैरे काही नव्हतं. भांडण असतं तर निदान कोणी विचारल्यावर सांगायला काही असतं. एक दिवसाआड व्हिडिओ कॉल यायचा. त्यात नात दिसायची, तिचं नाक दिसायचं, फॅन दिसायचा. बायको मागून विचारायची जेवले का, मी म्हणायचो जेवलो. तेवढ्यात तिकडे काहीतरी सांडायचं.

मॅडम कृषी महाविद्यालयातून निवृत्त झाल्या होत्या. कीटकशास्त्र शिकवायच्या. पंच्याहत्तरीच्या पुढच्या. छापखान्यातल्या कोणाकडून तरी माझा नंबर त्यांनी मिळवला होता. औषधांच्या डब्यांवरचे किडे तुम्हीच काढायचा ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. पाठीवर पडलेला, पाय वर केलेला, त्यावर लाल फुली, असे कितीतरी किडे मी काढले होते.

"मग मारून झाले असतील तुमचे पुष्कळ," त्या म्हणाल्या. "आता एक जिवंत काढून द्याल का?"

दुसऱ्या दिवशी मी धरमपेठेत त्यांच्या घरी गेलो. दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मान वळवून भिंतीकडे पाहत आत या म्हणाल्या. मला वाटलं, रागीट असाव्यात. बसल्यावर त्यांनीच सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. समोरचं, अगदी मधलं, सगळं पुसलं गेलं होतं. कडेचं तेवढं दिसायचं. म्हणून ज्याच्याकडे नीट पाहायचं त्याच्यापासून त्या तोंड फिरवून बसायच्या. त्या घरात त्या एकट्याच राहत. सकाळी एक बाई येऊन स्वयंपाक करून जायची. भिंतीला लागून काचेच्या झाकणाच्या पेट्या रचल्या होत्या, त्यांत टाचण्यांनी टोचलेले किडे, आणि सगळ्या खोलीला डांबराच्या गोळ्यांचा वास.

काम असं होतं. नरखेड तालुक्यातल्या एका गावात संत्र्याच्या बागा असलेल्या काही बायकांनी मिळून एक शेड उभारली होती. त्यात त्या एक किडा वाढवायच्या. हिरवा, जाळीसारख्या पंखांचा, नखाएवढा. पुस्तकात त्याला क्रायसोपा म्हणतात, मॅडम नुसतं 'हिरवी' म्हणायच्या. हिरवीच्या अळ्या संत्र्यावरचा मावा आणि काळी माशी खातात, झाडावर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, धरत नाही, फवारणी वाचते. हिरवीची अंडी चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या खोक्यात भरून बाया शेजारपाजारच्या बागायतदारांना देणार होत्या. खोक्यावर आणि शेडच्या पाटीवर लावायला त्यांना एक चिन्ह हवं होतं. जानेवारीत आंबिया बहाराची नवती फुटते, म्हणजे झाडाला कोवळी पालवी येते, आणि किडीही तेव्हाच येतात. त्याच्या आत खोकी तयार पाहिजेत. दिवाळी नुकतीच झाली होती. एवढ्याशा कामाला दोन महिने म्हणजे चिक्कार वेळ, असं मी मनात म्हटलं.

घरी येऊन दोन दिवसांत पहिलं चित्र केलं. आमचं सॉफ्टवेअर रेषांचं असतं. फोटोसारखे ठिपके नाहीत त्यात. एक बिंदू ठेवायचा, दुसरा ठेवायचा, मधली रेषा ओढून वाकवायची. अशा रेषांचं चित्र नखाएवढं छापा की भिंतीएवढं, धार जात नाही. अर्धा किडा काढला, त्याची आरशासारखी उलटी नक्कल करून शेजारी जोडली. चार पंख पसरलेले, सहा पाय, दोन मिशा. देखणं दिसत होतं. मोठ्या कागदावर प्रिंट काढून मॅडमकडे नेलं.

त्यांनी कागद कानाजवळ धरला, तोंड खिडकीकडे केलं, आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग म्हणाल्या की हा मेलेला आहे. मी म्हणालो, यात फुली नाही, पाठीवर पडलेला नाही, मेलेला कसा? त्यांनी भिंतीजवळच्या पेट्यांकडे बोट केलं. पंख असे पसरून ठेवतो ते आम्ही, टाचणी मारल्यावर. जिवंत हिरवी पानावर बसली की पंख मिटते, अंगावर छपरासारखे उतरते ठेवते. तुम्ही पेटीतली काढलीत.

मग चुकांचं एकेक सुरू झालं. पाय मी पोटाला लावले होते, ते छातीला असतात. मिशा आखूड होत्या, त्या जवळजवळ अंगाएवढ्या लांब असतात. मान नव्हतीच. मी वहीत लिहून घेतलं. निघताना त्या म्हणाल्या, दर वेळी इतक्या लांब येऊ नका, मी रोज अकराला फोन करीन, तुम्ही काय काढलंय ते तोंडी सांगा, मला चित्र पाहण्यापेक्षा ऐकून बरं कळतं.

त्याप्रमाणे रोज अकराला फोन यायला लागला. आतापर्यंत चित्र तोंडी सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. सुरुवातीला मी नुसतं 'पंख जरा खाली घेतलाय' एवढं म्हणायचो. त्या विचारायच्या, खाली म्हणजे किती, पाठीला टेकलाय की हवेत आहे? पाहून सांगताना मला स्वतःलाच त्या चित्रात काय आहे ते कळायला लागलं. एकेक बिंदू मी त्यांना वाचून दाखवायचो. हा डोक्याच्या मागे, इथून रेष वर चढते, मग हळूच उतरते. त्या मधूनच 'थांबा' म्हणायच्या, आणि मग त्यांचं दुसरंच काही सुरू व्हायचं. विद्यार्थ्यांना घेऊन बागांमध्ये कंदील लावून किडे धरायला जायच्या त्याबद्दल. लग्न न केल्याबद्दल एकदाच, तेही सहज. मी छापखान्याचं सांगायचो. शाईचा वास, मालकांचा डबा, एकदा पत्रिकेवर नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं गेलं ते. त्या पोट धरून हसल्या होत्या.

साडेदहा वाजले की मी दाढी करायला लागलो. फोनवर दिसत नाही हे मलाही ठाऊक होतं.

डिसेंबरात मॅडम म्हणाल्या, आता तुम्ही शेडवर जाऊन जिवंत हिरवी पाहून या. एसटीने नरखेडला उतरलो. शेड चालवणाऱ्या बायांपैकी जी पुढाकार घ्यायची ती ताई मोटरसायकल घेऊन आली होती, डोक्याला रुमाल बांधून. चाळिशीची असेल. मागे बसा म्हणाली आणि विहिरींच्या, मोटरपंपांच्या, संत्र्याच्या बागांच्या मधून सुसाट घेऊन गेली. थंडी मी म्हणत होती.

शेडमध्ये पाचसहा बायका होत्या. मी नेलेला प्रिंट सगळ्यांनी हातोहात पाहिला. तो जुनाच होता, पंख पसरलेला. नवा अजून मनासारखा झाला नव्हता, आणि तुलनेसाठी म्हणून मी जुना सोबत घेतला होता. ताई म्हणाली,

"भाऊ, राग मानू नका. हे तं औषधाच्या डब्यावरचं वाटून राह्यलं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मग तिने मला बाहेर झाडापाशी नेलं, एक पान उलटं केलं. पानाच्या खालून केसासारखे बारीक पांढरे तंतू लोंबत होते आणि प्रत्येकाच्या टोकाला खसखशीच्या दाण्याएवढं एकेक अंडं. हिरवी अशीच अंडी घालते, ती म्हणाली. मी विचारलं, इतका खटाटोप काहून करते?

"जवळजवळ घातले तं पयले निंघनारानं बाकीच्याले खाऊन टाकलं असतं. म्हनून ज्याची त्याची दांडी वेगळी."

मी ते पान हातात घेऊन उभा राहिलो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा वाकवताना बिंदूतून अशाच बारीक दांड्या निघतात, टोकाला एक ठिपका असतो, तो धरून ओढायचा. बावीस वर्षं मी तेच धरून ओढत होतो. चिन्ह तिथेच डोळ्यांसमोर उभं राहिलं. पान, त्याच्या वर पंख मिटून बसलेली हिरवी, आणि पानाखाली पाच दांड्यांवर पाच अंडी. औषधाच्या डब्यावर कोणी अंडी काढत नाही. कोणी पाहिलं तरी कळेल की इथे काहीतरी वाढतंय.

बायकांनी जेवू घातलं. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. मध्येच ताईने विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन असते?"

मी म्हणालो, बायको, मुलगी, जावई, नात. सगळे असतात. घर भरलेलं असतं. हे मी का बोललो ते मला अजून सांगता येत नाही. पण बोललो, आणि मग नातीचं नाक, नातीचे दात, सगळं वर्णन करून सांगितलं. ताईने नातीसाठी पिशवीभर संत्री बांधून दिली. ती मी एकट्याने खाल्ली. शेवटची चार सुकून गेली.

जुना प्रिंट शेडमध्येच राहिला. परत मागायचं माझ्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बसलो आणि साडेदहापर्यंत चित्र झालं. पूर्ण झालं. इतक्या कमी बिंदूंमध्ये मी आयुष्यात काही काढलं नव्हतं. लहान करून पाहिलं, मोठं करून पाहिलं, काळंपांढरं करून पाहिलं, कुठेच काही खटकत नव्हतं. अकराला फोन वाजला. मॅडमनी विचारलं, कसं झालं? आणि मी म्हणालो, अजून मिशा जमत नाहीयेत.

त्या क्षणी वाटलं होतं, उद्या सांगू. एक दिवसाने काय होतं! दुसऱ्या दिवशी पंखांची जाळी जमत नव्हती. तिसऱ्या दिवशी पानाचा देठ. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी रोज एक खोट काढत होतो आणि मॅडम रोज तितक्याच आस्थेने ती दुरुस्त करत होत्या. मिशीचं पहिलं पेर जाड असतं, जाळीतल्या शिरा कडेला फाटे फोडतात. मी हं हं म्हणत ऐकायचो. समोर स्क्रीनवर झालेलं चित्र असायचं. चित्र दिलं की काम संपणार, काम संपलं की अकराचा फोन संपणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जानेवारी लागला. ताईने मॅडमना दोनदा विचारलं म्हणे, भाऊंचं झालं का? मॅडमनी तिला सांगितलं की चांगल्या कामाला वेळ लागतो, त्यांना घाई करू नको. हे मॅडमनीच मला सांगितलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

जानेवारी संपता संपता एका सकाळी फोन वाजला तो ताईचा होता. नवती फुटली होती, थांबणं शक्य नव्हतं. तिने माझ्या जुन्या प्रिंटचा फोटो काढून नरखेडमध्ये त्याचे स्टिकर करून घेतले, खोक्यांवर लावले आणि पट्ट्या वाटल्या. शेजारच्या गावातल्या एका बागायतदाराच्या घरी खोकं पोचलं तेव्हा तो बागेत होता. घरच्यांनी स्टिकरवरचा किडा पाहिला आणि खोकं औषधांच्या फळीवर नेऊन ठेवलं. पट्ट्या त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी झाडाला बांधायच्या असतात. त्याने फवारणीच्या वेळी खोकं काढलं, पाच दिवसांनी. आत अळ्या निघाल्या होत्या. खायला दुसरं काही नव्हतं.

"एकमेकाले खाल्लं त्याहीनं," ताई म्हणाली. "चारदोन उरल्या, लठ्ठ. मी पाह्यलं खोकं. बाकी काई नाही."

ती मला बोल लावत नव्हती. आमचंच चुकलं, तुमचं चांगलं चित्र यायच्या आधी आम्ही घाई केली, असं तिचं म्हणणं होतं. मी फोन ठेवला. अकराला मॅडमचा वाजला तो उचलला नाही. बसून राहिलो. मग प्रिंट काढला आणि धरमपेठेत गेलो.

त्या दारात आल्या आणि नेहमीसारखं तोंड फिरवून म्हणाल्या, फोन का नाही उचललात, बरं नाही का? मी आत जाऊन बसलो नाही. उभ्यानेच म्हणालो,

"मॅडम, चित्र डिसेंबरातच झालं होतं. शेडवरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांनी दार लोटून घेतलं.

"दिलं असतं तर तुमचे फोन बंद झाले असते," मी म्हणालो.

त्यांनी मान आणखी भिंतीकडे वळवली, म्हणजे माझ्याकडे नीट पाहिलं. स्वयंपाकाची बाई आत भांडी लावत होती तो आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या,

"मग तसं मला सांगायचं होतंत. मला फोन करायला लोगोच लागतो, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हात पुढे केला, मी कागद दिला. कानाजवळ धरून त्यांनी तो हळूहळू फिरवला. पंख मिटलेत, म्हणाल्या. मग बोटाने पानाखाली चाचपल्यासारखं केलं, जणू कागदावर ती अंडी हाताला लागणार होती. पाच आहेत? मी हो म्हणालो. हे चांगलं केलंत, त्या म्हणाल्या, आणि लगेच, ताईने सकाळीच सांगितलंय मला, आता त्या बागायतदाराकडे जाऊन या, हे फोनवर सांगायचं काम नाही.

गेलो. नव्या खोक्यांची छपाई मीच करून घेतली आणि खोकी घेऊनच एसटीत बसलो. ताई मला त्या बागायतदाराकडे घेऊन गेली. साठीचा, कमी बोलणारा माणूस. मी सगळं सांगितलं. चित्र माझ्याकडे तयार होतं आणि मी दिलं नव्हतं, हेही. का दिलं नव्हतं ते मात्र सांगता आलं नाही. त्याने विचारलंही नाही. नवं खोकं त्याने उजेडात धरून पाहिलं, सुनेला हाक मारून दाखवलं, आणि म्हणाला की हे तर पिल्लांवालं आहे. मग शिडी आणली. आम्ही तिघांनी मिळून त्याच्या बागेत पट्ट्या बांधल्या. वरच्या फांद्यांना त्याने, खालच्यांना मी आणि ताईने. परत येताना ताईने पुन्हा संत्री बांधायला घेतली तेव्हा मी तिला सांगितलं की घरी मी एकटाच असतो. तिने मान वर केली, मग पिशवीतून निम्मी संत्री काढून ठेवली. म्हणाली, मग एवढीच घ्या, सडतीन.

त्या आठवड्यात मी भरदुपारी बायकोला फोन केला. व्हिडिओ नाही, साधा. नात झोपलेली असते ती वेळ मला ठाऊक होती. ती घाबरली, काय झालं म्हणाली. मी म्हणालो, काई नाही झालं. मग म्हणालो,

"मले इथं करमत नाही."

तिकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हे तुम्ही इतके दिवस काहून नाही सांगितलं?"

मार्चमध्ये पंधरा दिवस पुण्याला जाऊन आलो. मुलीने, जावयाने सगळं केलं. पण त्यांचं घर सकाळी सहाला धावायला लागायचं आणि मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचो, कोणाच्या वाटेत येऊ नये म्हणून. नात माझ्यापेक्षा फोनमधल्या माझ्याशी जास्त मोकळी होती. परत आलो तेव्हा स्टेशनवरून ऑटोवाल्याला पत्ता सांगताना उगीच बरं वाटलं.

मॅडमचे फोन सुरू राहिले. रोज नाही, आठवड्यातून दोनतीनदा. लोगोचं नाव निघत नव्हतं. पण काहीतरी बदललं होतं. आधी आमच्यामध्ये चित्र असायचं, त्याच्या आडून आम्ही बोलायचो. आता दोघांनाही एकमेकांना काय विचारायचं ते शोधावं लागायचं, आणि कधी कधी सापडायचं नाही. एप्रिलमध्ये त्यांची भाची येऊन त्यांना इंदूरला घेऊन गेली. किड्यांच्या पेट्या महाविद्यालयाला दिल्या. जायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो, तर खोली रिकामी, वास मात्र तसाच. इंदूरहून दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा मीच केला. भाचीने उचलला, म्हणाली, मावशीला फोनवर आता नीट ऐकू येत नाही, तुमचा निरोप देते. पाटी लागली म्हणून सांगा, म्हणालो.

शेडची पाटी खरंच लागली होती. ताईने फोटो पाठवला होता. पत्र्यावर रंगवून घेतलेलं, माणसाच्या उंचीचं चिन्ह, आणि खाली त्या सगळ्या उन्हाने डोळे बारीक करून उभ्या.

मे महिन्यात बायको दहा दिवसांसाठी आली. पहिले दोन दिवस तिने ओट्याखालचे डबे काढून धुतले आणि मला काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर कूलरमध्ये पाणी भरलं, ती समोर दिवाणावर आडवी झाली, मी खुर्चीत. भिंतीवर मी लावलेल्या चिन्हाच्या प्रिंटकडे पाहून तिने विचारलं, हे हिरवं काय लावलंय? मी सांगायला लागलो. दाराशी आलेल्या मॅडम, कानाजवळ धरलेला कागद, पंख कसे मिटायचे, शेड, पान. कूलरचा आवाज मोठा, म्हणून छापखान्यात बोलायचो तसा मोठ्याने बोलत होतो. ती हूं हूं म्हणत होती. दांड्यांपर्यंत आलो तेव्हा तिचं हूं थांबलं. वाकून पाहिलं तर झोप लागली होती. दोन वर्षांची झोप असावी, तोंड किंचित उघडं होतं. मला राग आला नाही. कूलरचं तोंड थोडं तिच्यावरून बाजूला केलं, खुर्चीत परत बसलो, आणि खोक्यात काय झालं ते, आणि मी मॅडमना काय म्हणालो ते, आवाज खाली आणून शेवटपर्यंत सांगून टाकलं.